हनुवटी वर, हनुवटी खाली

गेले दोन शनिवार इथे काहीच लिहिलं नाही, त्याला कारण एक एक्सेल शीट. अकरा रकाने, तेवीस ओळी आणि वर ठळक अक्षरात नाव: हेल्मेट. ऑफिसात शेजारी बसणाऱ्या मित्राने ती उघडी पाहिली आणि म्हणाला, "अरे, मुली बघताना पण तू एवढं केलं नव्हतंस!" खरं आहे. पण मुली बघताना चष्मा काढून ठेवावा लागत नाही.

माझा चष्मा साडेपाच नंबरचा. सगळं इथूनच सुरू होतं.

कोरेगाव भीमा ते खराडी म्हणजे वीसेक किलोमीटर. घरातून निघालं की भीमेचा पूल, पलीकडे विजयस्तंभ आणि पेरणे फाटा, मग लोणीकंद, केसनंद फाटा, वाघोली, आणि तिथून पुढे खराडी बायपासपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमधलं भजन. (१ जानेवारीला स्तंभाला मानवंदना द्यायला लाखो माणसं येतात, तेव्हा हायवेची वाहतूक दुसरीकडून वळवतात आणि आम्ही घरून काम करतो. उरलेले दिवस आम्ही आणि रस्ता.) सणसवाडी-रांजणगावचे कंटेनर, खडी-क्रशचे डंपर, हंगामात उसाचे ट्रॅक्टर, आणि या सगळ्यांच्या मधून आपली दीडशे सीसी. डंपरच्या मागे गेलात की तोंडात कच येते. हा अलंकार नाही, खरोखरच दाताखाली वाजते.

आत्तापर्यंत मी पूर्ण तोंड झाकणारं साधं हेल्मेट वापरायचो, म्हणजे एकसंध फुल फेस. एक दिवस सहज मोजलं. घरातून निघून परत घरी येईपर्यंत मी ते सात वेळा काढलं. पेट्रोल पंप, लोणीकंदचा चहा, कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला चेहरा दाखवणे, संध्याकाळी वाघोलीत भाजी, कोणीतरी पत्ता विचारला म्हणून, आईचा फोन आला म्हणून... आणि प्रत्येक वेळी आधी चष्मा काढायचा, खिशात घालायचा, मग हेल्मेट काढायचं, मग चष्मा परत चढवायचा. घालताना हेच उलट. या दोन चष्म्यांच्या मधला जो काळ असतो त्यात साडेपाच नंबरवाल्याला जग म्हणजे पाण्यात सांडलेला रंग. पंपावरचा आकडा शून्यावर आणलाय की नाही हे निव्वळ विश्वासावर. आणि चष्मा आत सरकवताना त्याच्या काड्या कानाच्या वर अडकतात, ते दुखणं चष्मेवाल्यांनाच कळेल.

आता तुम्ही म्हणाल, मग अर्धं हेल्मेट घे की. म्हणजे कान झाकणारं, तोंड उघडं असलेलं. हवा लागते, चहा पिता येतो, राम राम घालता येतो. मी पण तेच घेणार होतो. रकान्यात किंमतसुद्धा भरली होती.

मग मामाचं झालं.

माझा धाकटा मामा शिक्रापूरहून चाकणकडे जाताना रस्त्यावर सांडलेल्या खडीवर घसरला. वेग फार नव्हता. डोक्यावर चांगल्या कंपनीचं, आयएसआयवालं, पट्टा लावलेलं अर्धं हेल्मेट. डोक्याला काही म्हणजे काही झालं नाही. सीटी स्कॅन अगदी स्वच्छ. पण तोंडावर पडला, आणि खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला. डॉक्टरांनी दात तारेने बांधून टाकले. सहा आठवडे माणूस नळीने पेज, ताक, डाळीचं पाणी यांवर होता. मटणाच्या रश्श्यासाठी चार गावं फिरणारा माणूस! बोलायचं असेल तर पाटी-पेन्सिल. पहिल्या दिवशी पाटीवर काय लिहिलं असेल? "गाडीला फार लागलं का?"

त्याला बघून आम्ही परत येत होतो, गाडीत मी, आई आणि आण्णा. आण्णा म्हणजे माझे वडील. सणसवाडीच्या एका कंपनीत तीस वर्षं पाळीवर जातात, रिटायर व्हायला तीन वर्षं आहेत, आणि तीस वर्षांत डोक्यावर हेल्मेट घातलेलं मी पाहिलं नाही. कंपनीच्या गेटवर सक्ती म्हणून एक पिवळट मडकं आरशाला अडकवलेलं असतं. गेटच्या पन्नास फूट आधी ते डोक्यावर चढतं आणि बाहेर पडल्यावर पन्नास फुटांत उतरतं. तर आण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्यानं तर हेल्मेट घातलं व्हतं ना? मग काय उपेग झाला?"

माझ्याकडे उत्तर होतं. डोकं वाचलं, हाच उपयोग. पण मागे बसलेल्या आईच्या डोळ्यांसमोर तिच्या भावाचं तारेने बांधलेलं तोंड होतं. मी गप्प बसलो आणि घरी येऊन अर्ध्या हेल्मेटांच्या सगळ्या ओळी शीटमधून उडवल्या.

वाचायला लागलो तेव्हा कळलं की मामाचं दुखणं काही जगावेगळं नाही. जर्मनीत हॅनोव्हरच्या वैद्यकीय विद्यापीठातले दीटमार ओटे यांनी अपघातांतली हेल्मेटं तपासून, मार नेमका कुठे कुठे बसला त्याची नोंद केलेली आहे. त्यांचं हेल्मेटचं चित्र जगभर फिरतं. त्यात हनुवटीच्या भागात मिळून साधारण ३५ टक्के मार आहे. टाळूवर, जिथे आपल्याला वाटतं की सगळं पडणार, तिथे त्या मानाने अगदी थोडा. साहजिक आहे. माणूस पडताना पुढे पडतो आणि तोंड पुढे असतं.

म्हणजे हनुवटी झाकणारं तर हवं. पण दिवसातून सात वेळा चेहरा बाहेर काढता आला पाहिजे, आणि चष्मा न काढता. अशा परस्परविरोधी रिक्वायरमेंट्स क्लायंटने दिल्या असत्या तर आम्ही कॉलवर म्यूट करून हसलो असतो. पण हेल्मेटवाल्यांनी यावर उत्तर कधीच काढून ठेवलंय. बीएमडब्ल्यूने १९८१ साली ‘सिस्टिम’ नावाचं हेल्मेट आणलं, ते जर्मनीच्याच शूबर्थ कंपनीने बनवलं होतं: हनुवटीचा पट्टा बिजागरीवर बसवलेला, बटण दाबलं की तोंडासमोरचा सगळा भाग काचेसकट वर. आपल्या दुकानांत याला ‘फ्लिपवालं’ म्हणतात, इंग्रजी पुस्तकांत ‘मॉड्युलर’. चष्मा घातलेलाच ठेवायचा आणि हेल्मेट उघडून डोक्यावर चढवायचं, किंवा आधी हेल्मेट आणि मग समोरून चष्मा. दोन्ही जमतं. मग हनुवटी खाली. टक.

त्या ‘टक’वर मी फार वेळ घालवला, कारण सगळी मेख तिथे आहे.

आधी थोडं गणित, कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडा. गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण १५० सेंटीमीटरवर. गाडीचा वेग बाजूला ठेवा, नुसतं तेवढ्या उंचीवरून डोकं खाली आलं तरी जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी जवळपास २० किलोमीटर असतो. आता डोक्याला बसणारा झटका म्हणजे ढोबळमानाने पडण्याची उंची भागिले थांबायला मिळालेलं अंतर. डांबरावर उघडं डोकं थांबतं तीनेक मिलिमीटरमध्ये: १५० भागिले ०.३, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ५०० पट. हेल्मेटच्या आतला थर्माकोल (तोच तो, टीव्हीच्या खोक्यात येतो त्याचा घट्ट भाऊ) चेपत चेपत तीन सेंटीमीटर देतो: १५० भागिले ३, म्हणजे ५० पट. बस. हेल्मेटची सगळी करामत ही एवढी तीन सेंटीमीटरची आहे. वरचं कवच त्या थर्माकोलला खरचटू न देण्यासाठी आणि मार पसरवण्यासाठी. हे मी आण्णांना कागदावर काढून दाखवलं. ते म्हणाले, "म्हंजे तीन हजार थर्माकोलचं?" हो आण्णा, थर्माकोलचेच.

तर एकसंध हेल्मेटात हनुवटीचा भाग त्याच कवचाचा तुकडा असतो. फ्लिपवाल्यात तो दोन बिजागऱ्या आणि एका खटक्यावर लटकलेला असतो. खटका सुटला तर तुमच्या डोक्यावर एक महागडं अर्धं हेल्मेट उरतं. इंग्लंडच्या सरकारी वाहतूक खात्याची २००७ पासून ‘शार्प’ नावाची एक योजना आहे, ती हेल्मेटांना तारे देते. फ्लिपवाल्यांच्या बाबतीत ती ताऱ्यांच्या शेजारी आणखी एक आकडा छापते: आमच्या चाचण्यांत हनुवटी किती टक्के वेळा बंदच राहिली. काही मॉडेलांचा हा आकडा १०० आहे, आणि काहींचा त्याच्या बराच खाली. पाच तारे असलेलं हेल्मेट हनुवटी उघडून टाकतं असंही होऊ शकतं. माझ्या शीटमधला सगळ्यात महत्त्वाचा रकाना हाच झाला, आणि आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक हेल्मेटांसमोर तो कोरा राहिला, कारण ती त्या यादीत नाहीतच.

दुसरा प्रश्न, हनुवटी वर करून गाडी चालवायची का? दिसायला भारी दिसतं, बुलेटवाले सर्रास करतात. युरोपच्या इसीई २२ या मानकात याची सरळ वर्गवारी आहे. हेल्मेटच्या पट्ट्यावर शिवलेल्या चिठ्ठीत ‘पी’ असेल तर बंद स्थितीत हनुवटीसकट चाचणी झालेली, ‘जे’ असेल तर अर्ध्या हेल्मेटसारखी उघड्या तोंडाची, आणि ‘पी/जे’ असेल तर दोन्ही. ‘एनपी’ असेल तर समोरचा भाग नुसता वारा अडवायला आहे, त्याच्या भरवशावर पडू नका! पी/जे नसलेलं फ्लिपवालं हेल्मेट चालत्या गाडीवर बंदच ठेवायचं, असं मी धरून चालतो. नियमाचं सोडा, भीमेच्या पुलावर आडवा वारा असताना हनुवटी वर करून बघा. डोक्यावर शीड उभारल्यासारखं होतं आणि मान मागे ओढली जाते. फ्रेंच शार्कच्या इव्हो मालिकेत किंवा एलएस-टूच्या व्हॅलियंटमध्ये हनुवटी पार मागे, मानेपर्यंत फिरते, तिथे हा त्रास कमी. पण ती खिशाच्या बाहेर.

एवढा अभ्यास करून एका रविवारी नाना पेठेत गेलो. पुण्यात गाडीला लागणारं काहीही हवं असेल तर माणूस नाना पेठेतच जातो. दुकानदार काका साठीचे, चष्मेवाले (बरं वाटलं). मी एलएस-टू, एसएमके, स्टीलबर्ड, स्टड्स करत शीट वाचायला लागलो तर त्यांनी हातानेच थांबवलं. "आधी डोकं द्या." टेप काढला, भुवयांच्या बोटभर वरून आणि मागे सगळ्यात फुगीर भागावरून फिरवला. अठ्ठावन्न. मग एक एक करून हेल्मेटं डोक्यावर चढवायला लागले आणि माझ्या तेवीस ओळींपैकी पंधरा ओळी अर्ध्या तासात गेल्या. कारण अठ्ठावन्न म्हणजे नुसता घेर. डोकी कोणाची लांबट, कोणाची गोल. एका हेल्मेटाने कपाळावर टिकली लावायच्या जागी असा दाब दिला की दोन मिनिटांत ठणकायला लागलं. दुसरं इतकं सैल की मान हलवली तर हेल्मेट पुढच्या सिग्नलला वळतंय.

काकांनी शिकवलेलं सांगतो, फुकट आहे. घातल्यावर गाल दाबले गेले पाहिजेत, चणे खाताना आतून गालाला दात लागावेत इतके. नवं असताना ते तसंच असतं, गाद्या नंतर दबतात. पट्टा लावायचा, हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे फिरवायचं: कातडी बरोबर फिरली पाहिजे, हेल्मेट एकटं नाही. मग मागून धरून पुढे लोटायचं, डोक्यावरून निसटतंय का बघायचं. मग तसंच घालून दुकानात वीस मिनिटं बसायचं. काकांनी चहा मागवला, मी हनुवटी वर करून प्यायलो. दुकानातच अर्धी चाचणी झाली. वीस मिनिटांनी काढून आरशात कपाळ बघायचं, लाल गोल उमटला असेल तर नाही घ्यायचं.

आणि फ्लिपवाल्याची खास: बटण एका हाताने, ग्लोव्ह घालून सापडतं का? बंद करताना दोन्ही बाजूंनी खटका बसतो की एकाच? (एकाच बाजूने बसलेला खटका कानाला ‘टक’ असाच ऐकू येतो, म्हणून बंद केल्यावर हनुवटीला धरून एकदा वर ओढून बघायचं. प्रत्येक वेळी. सवयच लावून घ्यायची.) आतला हूक प्लास्टिकचा आहे की लोखंडी? बिजागरीत खडखड आहे का? वजन हातात घेऊन नाही, डोक्यावर घेऊन बघायचं. फ्लिपवालं बिजागरीमुळे एकसंधापेक्षा शे-दोनशे ग्रॅम जड असतंच, बहुतेक दीड किलोच्या आगेमागे जातं. वाराही जास्त वाजतो, कारण सांधे जास्त. हे दोन तोटे सोसायचे, त्याला इलाज नाही.

आयएसआय मात्र बघायचाच. जून २०२१ पासून दुचाकीचं हेल्मेट आयएसआय खुणेशिवाय विकताच येत नाही, पण नगर रोडच्या कडेला झाडाला टांगून विकतात त्यांच्यावरही आयएसआय असतंच की, स्टिकर काय दोन रुपयांत छापून मिळतो. खऱ्या खुणेच्या वर आयएस ४१५१ हा मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर या ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं. मी दुकानातच टाकून बघत होतो. काका म्हणाले, "बघा बघा. हे बेळगावचं आहे, आपल्या वेगाचं." खरंच बेळगाव आलं. उगीचच माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

शेवटी कोणतं घेतलं? नाव मुद्दाम सांगत नाही. तुमचं डोकं माझं नाही. किंमतीचा अंदाज हवा असेल तर भारतीय फ्लिपवाली दीड-दोन हजारांपासून सुरू होतात आणि जपानी शोईसारखी पन्नास हजारांच्या पुढे जातात. मी खालच्या टोकाच्या बऱ्याच जवळ थांबलो.

इथे लेख संपायला हरकत नव्हती. पण खरी गोष्ट त्यानंतर घडली.

रात्री हेल्मेट ओट्यावर ठेवलं होतं. आण्णांनी उचललं, बटण दाबलं, वर, खाली, वर, खाली. मग डोक्यावर घातलं, हनुवटी वर केली आणि दारात जाऊन उभे राहिले. रस्त्यावरून कोणीतरी चाललं होतं. "राम राम पाटील, कधी घेतलं?" आण्णांनी उलटा राम राम घातला. मग हनुवटी खाली केली. टक. पुन्हा वर. आत येऊन म्हणाले, "ह्ये बरंय. माणसाला माणूस वळखू तरी येतंय."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तीस वर्षं त्यांची अडचण काय होती. मी समजत होतो हट्ट. पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी हेल्मेटसक्ती कडक केली तेव्हा विरोधात कृती समिती उभी राहिली, मोर्चा निघाला. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो, आम्ही होस्टेलवर बसून त्या लोकांना हसलो होतो. मानदुखी, केस गळतात, ऐकू येत नाही, अशी त्यांची कारणं. आण्णांचं कारण यातलं एकही नव्हतं, आणि ते त्यांनी कधी सांगितलंही नव्हतं, कारण त्यांच्या लेखी ते इतकं उघड होतं. गावात गाडीवरून जाताना दर शंभर पावलांवर ओळखीचं माणूस भेटतं. तोंड झाकून त्याच्या समोरून गेलं तर तो संध्याकाळी पारावर म्हणतो, पोराला आयटीत नोकरी लागली, आता काय राम राम पण नाही. ह्या गोष्टीला कायद्यात कलम नाही. शिवाय तंबाखू. थुंकायला तोंड उघडं लागतं. (यावर मी काही बोलत नाही, आईने तीस वर्षं बोलून बघितलंय.)

दंडाची भीती त्यांना कधीच वाटली नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर हेल्मेट नसेल तर हजार रुपये आणि तीन महिने लायसन्स निलंबित, हे मी त्यांना मागे वाचून दाखवलं होतं. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यात हेल्मेट न घातलेली दुचाकीवरची ५०,०२९ होती, हा केंद्राच्या अहवालातला आकडाही ऐकवला होता. हेल्मेटने मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, असा अनेक अभ्यास एकत्र करून २००८ साली काढलेला निष्कर्षही सांगून झाला होता. आण्णा शांतपणे ऐकून घ्यायचे, जसं आम्ही कंपनीत अग्निशमनाचं ट्रेनिंग ऐकतो तसं. आणि एका बिजागरीने काम झालं.

सोमवारी सकाळी माझं हेल्मेट जागेवर नव्हतं. आण्णा पहिल्या पाळीला घालून गेले होते. मी जुनं एकसंध घालून ऑफिसला गेलो, चष्मा काढ-घाल करत, पण रस्ताभर हसत होतो.

आता आनंद बाजूला ठेवून तांत्रिक अडचण: डोकं. आण्णांनी माझं हेल्मेट घातलं की ते भोपळ्यासारखं फिरत होतं. सैल हेल्मेट पडताना डोक्यावरून आधी निघून जातं, मग त्या तीन सेंटीमीटरचा उपयोग रस्त्याला. रविवारी त्यांना खुर्चीवर बसवलं. आईने शिलाई मशीनच्या खणातून टेप काढला. आण्णा टोपी काढून, मान खाली घालून बसले आणि आई त्यांच्या कपाळावरून टेप फिरवायला लागली. लग्नाला तीस वर्षं झाली, पण दोघंही असे लाजले की मी खिडकीबाहेर बघत बसलो. "छप्पन," आई म्हणाली. "येवढंच?" आण्णा म्हणाले. "मग काय, आत काय असायला पायजे का नको?" हे आईचं.

मी त्यांना घेऊन पुन्हा नाना पेठेत गेलो. काकांनी ओळखलं. आण्णा वीस मिनिटं हेल्मेट घालून बसले, चहा प्यायले, काकांचं मूळ गाव विचारलं, त्यांच्या साडूची सोयरीक आमच्या वढूला निघाली, आणि शंभर रुपये कमी झाले. एक्सेलमध्ये हा रकाना नव्हता.

आता आमच्या घरात दोन फ्लिपवाली हेल्मेटं आहेत आणि एक चालू वाद. आण्णांच्या हेल्मेटवर पी/जे नाही. मी म्हणतो, चालत्या गाडीवर हनुवटी खालीच पाहिजे. ते म्हणतात, मग ह्यात आणि तुझ्या त्या जुन्या डब्यात फरक काय राहिला? हनुवटी वर असली की काचही वर जाते, डोळ्यांत कच जाते, वारा मान ओढतो, हे सगळं सांगून झालं. शेवटी मांडवली अशी झाली की गावात, पाराच्या आसपास, वेग वीसच्या खाली असेल तिथे वर चालेल. हायवेला गाडी लागली की खाली. आण्णांनी "बरं" म्हटलं. त्यांचं "बरं" म्हणजे नेमकं काय, याचं डॉक्युमेंटेशन उपलब्ध नाही. पेरणे फाट्यावर चहाची टपरी असलेला माझा शाळासोबती म्हणतो, "आण्णा परवा पुलावरून वर करून चालले होते." मग आण्णांना विचारलं तर म्हणतात, "त्याला काय दिसतंय तिथनं."

मामाचे दात आता सोडवलेत. भाकरी कुस्करून खातो. त्याला मी फ्लिपवाल्याची लिंक पाठवली, त्याने उत्तरादाखल अंगठा पाठवला, एवढंच.

परवा आण्णा दुसऱ्या पाळीवरून रात्री साडेअकराला आले. हेल्मेट माझ्या टेबलावर, कीबोर्डच्या शेजारी ठेवलं आणि म्हणाले, "आरं, ह्याची नुस्ती काच मिळती का रं? वरखडं लई पडल्यात. समोरनं उसाचा ट्रॅक्टर आला की सगळा उजेड फुटतोय, हायवेला कायच दिसंना."

मी काच दिव्यासमोर धरून बघितली. बाहेरच्या बाजूने, डाव्या डोळ्यासमोर बारीक बारीक ओरखडे होते, कोरड्या फडक्याने धूळ पुसल्याचे. काकांना फोन केला. त्याच मॉडेलची काच आहे म्हणाले, चारशेला. पारदर्शक ठेवायला सांगितली, काळी नको.